रिकाम्या पेटीचं वजन

"हात सटकला हिचा," ह्वो-वांग सगळ्यांना सांगत होता. "मी म्हणत होतो, दोन्ही हातांनी धर. ऐकेल तर शप्पथ!"

देवळाच्या अंगणात, अर्धवट उभ्या केलेल्या रंगमंचासमोर सगळी नाटकमंडळी गोळा झाली होती. मधोमध फरशीवर आवाजाचा मिक्सर पडला होता. नटांच्या गळ्यातले माइक, ढोल, झांजा, सारंगी, सगळ्यांचा आवाज या यंत्रात येऊन मग कर्ण्यांतून बाहेर पडायचा. ते बंद पडलं की मंडळी मुकी. त्याची सरकवायची तीन बटणं मुळापासून तुटली होती आणि एका कोपऱ्याचा पत्रा आत गेला होता.

त्याची बायको चाओ-दी ट्रकच्या फाळक्याला टेकून उभी होती. तिच्या हातात पिशवीचा तुटलेला पट्टा होता. काळी, आतून स्पंज लावलेली पिशवी. वर्षानुवर्षं वापरून तो स्पंज पापडासारखा चपटा झाला होता. पट्ट्याची शिवण उसवत आली आहे, हे तिने ह्वो-वांगला उन्हाळ्यातच दाखवलं होतं. "चालतंय की अजून," असं म्हणून त्याने ती पिशवी परत तिच्याच खांद्याला लावली होती. आता तुटलेला पट्टा तिने वर धरला, तरी बघणाऱ्यांचं लक्ष खाली मिक्सरकडे होतं. मिक्सर आधी तिच्या पायावर पडला होता आणि मग फरशीवर. कापडी बुटात अंगठा ठणकत होता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मंडळीची मालकीण ग्वेहुआ तोंडात सुपारी चघळत पुढे आली. ती राजाची कामं करायची. एक भुवई राजाची काढून झाली होती, दुसरी अजून तिची स्वतःची होती.

"आजचं भागेल का, मास्तर?"

"आजचं भागवतो," ह्वो-वांग म्हणाला. भागवणार चाओ-दी होती, पण बोलायची पद्धत तशीच होती.

"परवा बोटीनं फंगहूला जायचंय, विसरू नका. माझूदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार आहे, अख्खं बेट जमणार. आणि त्या धक्क्यावरचे हमाल देवाची मूर्तीसुद्धा फेकून देतील. या झोळीत घालून नेलंत तर तिकडं उतरेपर्यंत भुसा होईल. चांगली पेटी घ्या. पैसे मंडळी देईल."

"घेतो ना. अशी घेतो की वरून ट्रक गेला तरी काही होणार नाही."

मंडळीत सगळे त्याला वांग मास्तर म्हणत आणि तिला वहिनी. तरुणपणी त्यानेच तिला तारा जोडायला शिकवलं होतं, हे खरं. पण आयुष्यभर कर्ण्यांसमोर उभं राहून त्याचे कान गेले होते. आधी झांजांची बारीक किणकिण गेली, मग स्त्रीपात्रांच्या वरच्या पट्टीतल्या ताना. आता डाव्या कानाशी मोठ्याने बोललं तरच कळायचं. तेव्हापासून मिक्सरवर तीच बसायची. तो हात मागे बांधून रंगमंचासमोर फेऱ्या मारायचा, देवळाचे पंच त्याला सिगारेट द्यायचे, "आवाज फक्कड लागलाय मास्तर" म्हणायचे, आणि तो मान डोलवायचा. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याने ओझं उचलणं सोडलं. मोठे कर्णे मंडळीतले गडी उचलत. मिक्सर, माइक, बॅटऱ्या, तारांची वेटोळी मात्र "आपल्या माणसाशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाहीत" असा त्याचा नियम होता. त्याच्या आपल्या माणसांत चाओ-दी एकटीच होती.

चाओ-दी या नावाचा अर्थ 'धाकट्या भावाला बोलावून आण'. चार मुलींनंतर पाचवी झाली तेव्हा बापाने ठेवलेलं. भाऊ काही आला नाही. नाव राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चियायी शहरात, पेट्या बनवणाऱ्या गूच्या दुकानात गेले. दुकानात प्लायवूडचा आणि खळीचा वास कोंडला होता. भिंतीला लागून पेट्या रचलेल्या: सारंगीच्या, कॅमेऱ्यांच्या, आणि एक तर कुणाच्या तरी अख्ख्या ऑर्गनची. गू हा साठीचा बारीक माणूस, बोटांना खळ चिकटलेली. त्याने ह्वो-वांगला स्टुलावर बसवलं, चहा ओतला. पेले दोनच मांडले होते. मग चाओ-दीकडे नजर गेली तसा तिसरा पुसून पुढे केला.

"आधी मला सांगा मास्तर, प्रवास कसा असतो यंत्राचा?" त्याने विचारलं. "रस्ता चांगला की खड्ड्यांचा? ट्रकमध्ये आडवं असतं की उभं? वर दुसरं सामान चढतं का? बोटीनं जाणार म्हणजे खारा वारा आलाच. उन्हात किती वेळ पडून असतं? मागं कधी पडलंय का? पडलं तर कुठल्या बाजूवर?"

एखाद्या वैद्याने नाडी बघावी तशी त्याची चौकशी चालली होती. ह्वो-वांग ऐकू येईल तेवढं ऐकून उत्तरं देत होता. बरीच चुकीची होती. मिक्सर ट्रकमध्ये आडवा नसायचा, चाओ-दीच्या मांडीवर उभा असायचा. पण तिने दुरुस्ती केली नाही. ती स्टूल नसल्याने उभी होती आणि गूचं बोलणं ऐकत होती. आपल्याला असं कुणी कधी काही विचारलं होतं का, हे ती आठवून बघत होती.

गूने तीन प्रकार समोर मांडले. पहिली जाड पिशवी, चारी बाजूंना कडक पुठ्ठे घातलेली. हलकी, पण वर काही पडलं तर भरवसा नाही. दुसरी काळ्या प्लॅस्टिकची चाकं असलेली पेटी, झाकणाच्या कडेने रबर, पाण्यात बुडवली तरी आत थेंब जात नाही. तिसरी प्लायवूडची, कडांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आठही कोपऱ्यांना पोलादी गोळे. फुलपाखराच्या पंखांसारखे उघडमीट होणारे खटके.

"ही," ह्वो-वांग तिसरीवर थाप मारत म्हणाला. त्याच्या तोंडावर खुशी पसरली होती. "याला म्हणतात पेटी!"

"बघा, मास्तरांची नजर," गू म्हणाला. त्याने झाकण उघडून आतला स्पंज दाखवला. "दोन थर आहेत. बाहेरचा कडक, आतला मऊ. तुमच्या यंत्राचं माप घेऊन मी हा सुरीनं कोरणार. एकेका बटणाला जागा. बाहेरचा धक्का बाहेरच मरतो. आतल्याला काय झालं ते कळतसुद्धा नाही."

चाओ-दीने आतल्या थरात बोट रुतवलं. बोट काढल्यावर खळगा हळूहळू भरून आला. रंगमंचाखाली घोंगडी टाकून तिने काढलेल्या कित्येक रात्री तिच्या पाठीला एकदम आठवल्या.

"रिकामी किती भरते?" तिने विचारलं.

"वजनाचं म्हणाल तर मास्तर," गू ह्वो-वांगकडे बघत म्हणाला, "वजन म्हणजेच मजबुती."

"किती भरते?"

"आता... तांदळाचं एक पोतं धरा, वहिनी."

"आणि मिक्सर, बॅटऱ्या, माइक घातल्यावर?"

"चाकं आहेत ना!"

"चाकं देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत," चाओ-दी म्हणाली. "बोटीच्या फळीवर चालत नाहीत. ट्रकच्या फाळक्यावर उडी मारत नाहीत."

गू हसला. ती प्लॅस्टिकच्या पेट्यांकडे गेली. त्यांतल्या दोन लहान तिने बाहेर ओढल्या आणि एकेक उचलून पाहिली. झेपत होत्या. "या दोन घ्या. एकीत मिक्सर, दुसरीत माइक-बॅटऱ्या. एका वेळी एक नेता येईल. पाणी पण जात नाही आत. बोटीवर तेच पाहिजे."

"हे?" ह्वो-वांगला मोठं हसू आलं. "यात बर्फ घालून मासे विकायचे का? फंगहूच्या देवळात हे घेऊन उतरलो तर लोक म्हणतील, नाटकवाले राहिले मागं, कोळीच आले पुढं."

गूलाही हसू आलं.

"ती मोठी कोण उचलणार?" चाओ-दीने विचारलं.

"काय?"

ती त्याच्या डाव्या बाजूला गेली. "ती. कोण. उचलणार?"

"उचलायला तू आहेस की!" तो म्हणाला आणि गूकडे वळला. "दिसायला काटकुळी आहे आमची, पण बैलाच्या वरताण. गडी दमतात, ही दमत नाही."

दोघं खदखदून हसले. ह्वो-वांगच्या मनात वाईट काही नव्हतं. हे कौतुक आहे अशीच त्याची समजूत होती. गूने कोरण्यासाठी सुरी घेतली आणि विचारलं, "झाकणावर नाव काय घालू, मास्तर? सोनेरी रंगात येईल."

"वांग मास्तर. मोठं घाला."

चाओ-दी दाराशी जाऊन उभी राहिली. समोर रस्त्यावर स्कूटरी चालल्या होत्या आणि तिला त्यातली एकही दिसत नव्हती.

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. शीलो गावातल्या देवळासमोर प्रयोग होता. नेहमीचा गडी आला नव्हता. ट्रकवर तायचुंगहून आणलेला नवाकोरा स्पीकर होता, तिच्या छातीएवढा उंच. ह्वो-वांग खाली, ती वर. तिला पाचवा महिना होता. "एवढं एक टोक धर," तो म्हणाला होता, "बाकी मी घेतो." तिने धरलं. कडा बोटांतून निसटली आणि ती स्पीकरसकट फाळक्यावरून खाली आली. स्पीकर एका बाजूला, ती एका बाजूला. ह्वो-वांग धावला. तो गुडघ्यांवर बसला, स्पीकरच्या जाळीला कान लावला, आतल्या कागदी पडद्यावर टिचकी मारून बघितली. "वाचला," तो म्हणाला. ते म्हणताना त्याने सोडलेला श्वास तिला अजून ऐकू यायचा. मग त्याने मान वळवली. तोवर तिची विजार भिजली होती.

दवाखान्यात ती एकटी होती, कारण संध्याकाळचा प्रयोग ठरलेला होता. सासूने शेजारीपाजारी सांगितलं की उन्हाची चक्कर आली, नाजूक आहे पोर. पुढे पोटात काही राहिलं नाही. देवळातल्या अंगाऱ्याचं पाणी कित्येक वर्षं तिला पाजण्यात आलं आणि दोष तिच्या रक्ताला, तिच्या पायगुणाला, तिच्या नावाला देऊन झाला. ती गप्प राहिली. सांगायची वेळ आली नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी काहीतरी उचलायचं असायचं.

गूच्या दोन कामगारांनी पेटी ट्रकवर चढवली. एकाने कमरेवर हात ठेवून "बाप रे" म्हटलं. त्या दिवशी संध्याकाळी ह्वो-वांगने घरात पेटी मधोमध ठेवली. मिक्सर त्याच्या खाचेत निजवला, वर स्पंजचं पांघरूण घातलं, झाकण लावून त्यावर तळवा फिरवला. "बघ तरी," तो म्हणाला. "बघ कसं बसलंय." चाओ-दी न्हाणीघरात दगडावर पाय ठेवून काळा पडलेला नखाचा तुकडा कापत होती. तिने बघितलं नाही.

*

बुदाईच्या धक्क्यावर सकाळपासून वारा सुटला होता. या दिवसांत तिथे तो सुटला की थांबत नाही. मंडळीच्या पोशाखांच्या ट्रंका, ढोल, पडद्यांच्या गुंडाळ्या फळीवरून बोटीत चालल्या होत्या. बोटीचं इंजिन धडधडत होतं. हमालांनी कर्णे नेले आणि ते नव्या पेटीकडे वळले.

"हात लावू नका!" ह्वो-वांग ओरडला. "ती आमची आम्ही नेतो. चाओ-दी, चल. धर."

चाओ-दीच्या खांद्याला एक छोटी पिशवी होती, मिक्सरवर बसताना ती कानांना लावायची त्या हेडफोनची आणि पाण्याच्या बाटलीची. ती पेटीपासून चार पावलांवर उभी होती.

"नाही," ती म्हणाली.

"चल चल, बोट सुटेल."

"मी उचलणार नाही."

"काय?" त्याने डावा कान पुढे केला. "पाय दुखतोय का? मग हळू धर. थांबत थांबत नेऊ."

"उचलणार नाही म्हणते मी."

"इंजिनात काही कळत नाहीये गं. मोठ्यानं बोल."

तेव्हा चाओ-दी मोठ्याने बोलली. तीस वर्षं जे तिने उशीतसुद्धा पुटपुटलं नव्हतं, ते त्याचे कान गेल्यामुळे तिला सगळ्या धक्क्यावर ओरडून सांगावं लागलं.

"शीलोच्या देवळासमोर मी ट्रकवरून पडले! आठवतंय का तुला? पाचवा महिना होता मला! तू खाली बसलास आणि आधी स्पीकरला कान लावलास! टिचकी मारून बघितलंस! 'वाचला' म्हणालास! त्याच्यानंतर माझ्याकडे बघितलंस!"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती. तिचा आवाज फाटला होता, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. ढोलकऱ्याने खांद्यावरचा ढोल तसाच धरून ठेवला. सेनापतीची कामं करणाऱ्या दोघी फळीवर निम्म्यात थांबल्या. हमालांपैकी एकाने सिगारेट विझवली.

ह्वो-वांगने "काय" विचारलं नाही. या वेळी ऐकू आलं होतं. तो पेटीकडे बघत होता, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तो भाड्याचा होता गं," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"आपल्याकडं तेव्हा काही नव्हतं. फुटला असता तर—"

"माहीत आहे! तो भाड्याचा होता. मी भाड्याची नव्हते. मला कुणाला परत करायचं नव्हतं!"

ती वळली आणि फळीवरून बोटीत चढली. पाय लंगडत होता, तरी तिने कशाला धरलं नाही. वाटेतल्या दोघी सेनापतींनी तिला जागा दिली आणि मग एकमेकींकडे बघून पेटी घ्यायला खाली निघाल्या.

"ए, तुम्ही थांबा," ग्वेहुआ म्हणाली. एरवी तिच्या तोंडाला लगाम नसायचा, पण आता ती हळू बोलली. तोंडातली सुपारी तिने पाण्यात थुंकली. "एकीनं जा फक्त. दुसरी कडी मास्तर धरतील. धराल ना, मास्तर?"

ह्वो-वांगने वाकून कडी धरली. फळीवर पोचेपर्यंत त्याला दोनदा पेटी खाली ठेवावी लागली. तिसऱ्यांदा उचलताना त्याच्या तोंडून नकळत आवाज निघाला. मदतीला कुणी धावलं नाही. ग्वेहुआ धावू देत नव्हती.

*

बोट बंदराबाहेर पडली तशी आदळायला लागली. आतल्या खोलीत लोकांनी कागदी पिशव्या हातात धरल्या होत्या. चाओ-दी खिडकीजवळ बसली होती. तिला मळमळत नव्हतं. तिला भूक लागली होती, आणि त्या भुकेचाही तिला राग येत होता.

बऱ्याच वेळाने ह्वो-वांग आसनांच्या पाठी धरत धरत आला. मध्ये एक जागा सोडून तो बसला, असा की त्याचा डावा कान तिच्याकडे राहील. त्याच्या तळहाताला कडीचा लाल वळ उठला होता. तो वळ तो अंगठ्याने चोळत होता.

"दवाखान्यात काय म्हणाले होते?" त्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"म्हणजे... काय होतं?"

चाओ-दीने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता.

"मुलगी," ती म्हणाली. "नर्सनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं."

त्याने मान हलवली. मग समोरच्या आसनाच्या पाठीकडे बघत म्हणाला, "मी मुद्दाम विचारलं नाही कधी. मनाला म्हणायचो, मुलगा असला तर? मुलगा होता असं कळलं असतं, तर मला सहन झालं नसतं."

बोट एका लाटेवरून खाली आपटली. पलीकडे कुणीतरी ओकलं.

"आणि मुलगी?" चाओ-दीने विचारलं.

"अं?"

ती पुढे झुकली, मधल्या रिकाम्या आसनावर हात टेकून. "मुलगी होती असं कळलं असतं तर?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ती थांबली. टोमणा मारायचा म्हणून तिने विचारलं नव्हतं, ती खरोखरच थांबली होती. तिथे, त्या क्षणी तो काहीही बोलला असता, तरी तिने ऐकून घेतलं असतं. मी घाबरलो होतो म्हणाला असता, किंवा तेव्हा मला अक्कल नव्हती, किंवा नुसतं तिचं नाव काय ठेवलं असतंस एवढं विचारलं असतं.

"आई म्हणाली होती..." ह्वो-वांग म्हणाला आणि तिथेच राहिला. तळहात चोळत राहिला.

चाओ-दी उठली. त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून, दांडे धरत, ती दार ढकलून बाहेर डेकवर गेली.

वाऱ्याने तिचा श्वासच हिसकावून घेतला. खाऱ्या पाण्याचे फवारे येत होते. डेकच्या मागच्या अंगाला सामान दोरांनी जखडून ठेवलं होतं, आणि सगळ्यांत कडेला ती नवी पेटी होती. ओली, लखलखीत, झाकणावर सोनेरी नाव. दोराची गाठ घाईत मारलेली होती. एक फेर सुटला होता. पेटी बोटीबरोबर इंचभर पुढे सरकायची, इंचभर मागे यायची.

चाओ-दी तिच्यासमोर उभी राहिली. एक हिसका पुरला असता. कठड्याला तिथे नुसती साखळी होती. तिच्या डोळ्यांसमोर ती पेटी पडताना दिसली, पोलादी कोपरे, फुलपाखरी खटके, स्पंज, सगळं. त्या मऊ स्पंजात, कोरलेल्या खाचेत निजलेलं ते यंत्र खाली जाताना दिसलं. आतल्याला कळतसुद्धा नाही म्हणे. रडू येईल म्हणून ती वाट बघत होती, पण रडू आलं नाही. राग होता तो तसाच राहिला, आणि तो इतक्या वर्षांनी बाहेर येऊन काही कमी झालेला नव्हता.

त्या पेटीत माइकही होते. ग्वेहुआचा माइक तिने तिच्या घोगऱ्या गळ्याला जुळवून ठेवला होता. दुसऱ्या कुणाला ते जुळवणं जमत नसे. ते तिचं काम होतं. कुणाच्या नावाने का चालेना, तिचंच होतं.

गाठ तिने सोडली नाही. घट्टही केली नाही. जशी होती तशी राहू दिली आणि पलीकडच्या कठड्याशी जाऊन बेट दिसेपर्यंत उभी राहिली.

*

फंगहूच्या माकुंग बंदरात देवळाने पाठवलेला टेंपो उभा होता. पोशाख चढले, ढोल चढले, कर्णे चढले. मग सगळे पेटीभोवती थांबले. सवयच होती, हे सामान कुणी उचलायचं हे ठरलेलं होतं. ह्वो-वांग एक कडी धरून उभा होता आणि इकडे तिकडे बघत होता.

चाओ-दी बोटीवरून उतरली. तिने पेटीला वळसा घातला, टेंपोच्या पुढच्या बाजूला गेली आणि ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. त्या जागेवर गावोगाव मास्तर बसायचे. ती मागे, तारांच्या वेटोळ्यांवर.

ड्रायव्हर बेटावरचाच होता, उन्हाने करपलेला, मध्यमवयीन. त्याने तिला वर चढताना पाहिलं आणि तो अवघडला.

"बाई, इथं मास्तर बसणारेत. देवळातून तसं सांगितलंय."

"मास्तर मागं आहेत. पेटीपाशी."

"आणि तुम्ही?"

"आवाज मी बघते," चाओ-दी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

मागून ग्वेहुआचा आवाज आला, "हं, उचला आता!" मग कुणीतरी कण्हलं, लाकूड फाळक्यावर घासलं, पुन्हा खाली गेलं. "परत एकदा!" टेंपो हलला. ड्रायव्हरने आरशात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि चावीवरचा हात काढून घेतला. मागचं चढेपर्यंत थांबायचं होतं.

तीही थांबली. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून, समोरच्या काचेतून दिसणाऱ्या सपाट, झाड नसलेल्या रस्त्याकडे बघत.